खोट्या नावाने उघडलेल्या फाइली

सोमवार, ४ मार्च

कामाची नोंद विभागाच्या संगणकात होते. तिथे मत लिहायला जागा नसते, म्हणून ही वही.

जुना कॅमेरा गेल्या आठवड्यात बंद पडला, आज नवा आला. कंपनी तीच, फक्त दोन पिढ्या पुढचा. फ्लॅशने तान्हं मूल घ्यावं तसा तो दोन्ही हातांत घेतला. फ्लॅश म्हणजे आमचा फोटोग्राफर. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, आता या त्वचारोग रुग्णालयात लोकांचे तीळ आणि चट्टे टिपतो. "नवरीला हसवता येतं हो," तो म्हणतो, "तिळाला कसं हसवणार?"

तो फोटो काढतो. मी ती फाइल उघडते, रंग प्रमाणाला लावते आणि त्याच रुग्णाच्या मागच्या फोटोशेजारी ठेवते. दुपारी डॉक्टरबाई सगळ्या जोड्या पाहतात. बदल दिसला तर रुग्णाला आत बोलावतात, नाही तर "बदल नाही, सहा महिन्यांनी या" असा निरोप जातो. रुग्ण इतके आहेत की प्रत्येकाला प्रत्यक्ष तपासणं त्यांना शक्यच नाही.

नव्या कॅमेऱ्याची पहिली फाइल उघडायला गेले. सॉफ्टवेअरने सांगितलं, फाइलचा प्रकार ओळखता येत नाही. फाइलच्या नावामागची अक्षरं तीच, नाव तसंच, पण आतली मांडणी नवी. आमचं सॉफ्टवेअर हा कॅमेरा जन्माला येण्याआधीचं आहे. नवी आवृत्ती या संगणकावर चालत नाही. नव्या संगणकाचा प्रस्ताव खरेदी विभागात गेला आहे, आणि तो तिथे सुखात आहे.

फ्लॅश म्हणाला, "मग कॅमेरा स्वतः जो तयार फोटो देतो, तोच घ्या ना."

तो चालणार नाही. कॅमेरा स्वतः फोटो बनवतो तेव्हा त्वचा गुळगुळीत करतो, उजळ करतो. माणसं खूश व्हावीत म्हणून. डॉक्टरबाईंना माणसं खूश झालेली नको आहेत, डाग जसा आहे तसा हवा आहे. त्यासाठी मूळ फाइलच लागते. मूळ फाइलीत चित्र नसतंच, नुसते आकडे असतात. त्यांचं चित्र सॉफ्टवेअर करतं, आणि आकडे कुठल्या कॅमेऱ्याचे आहेत हे कळलं तरच करतं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे पाहुणा दारात उभा, आणि घरातलं कुणी त्याला ओळखत नाही."

तिच्या पाठीवरच्या तिळाचा पुढचा फोटो याच महिन्यात आहे. मागच्या वर्षी मीच तिला रुग्णालयात नेऊन नाव घालून आले. तशी गरज नव्हती. पण माझ्या हाताखालून रोज इतके तीळ जातात, घरातलाच राहिला असं व्हायला नको होतं.

गुरुवार, ७ मार्च

मार्ग सापडला.

फाइलच्या सुरुवातीला कॅमेऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचून सॉफ्टवेअर ठरवतं, या आकड्यांना कोणती कृती लावायची. मी फाइलची एक प्रत घेतली, त्यातलं नव्या कॅमेऱ्याचं नाव पुसलं आणि त्याच कंपनीच्या आधीच्या भावंडाचं नाव लिहिलं. फाइल उघडली. चित्र स्वच्छ, कुठे रेघ नाही, कुठे ठिपका नाही.

मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फ्लॅशने कार्ड लावलं की सगळ्या फाइलींमधलं कॅमेऱ्याचं नाव आपोआप बदलतं.

"म्हणजे बोगस ओळखपत्र करून आत घुसवायचं," फ्लॅश म्हणाला.

"तात्पुरतं."

"इंजिनीअर, तात्पुरतं म्हणून लावलेला खिळा मी माझ्या स्टुडिओत दुकान विकेपर्यंत पाहिला."

तो मला इंजिनीअर म्हणतो. मी त्याला दादा म्हणते, तोंडावर.

शुक्रवार, ८ मार्च

न तपासता वापरणं योग्य नाही. रंगपट्टीचा फोटो घेतला. या पट्टीवर ठरावीक रंगांचे चौकोन असतात, प्रत्येकाचा बरोबर आकडा आपल्याला माहीत असतो. लाल, पिवळा, त्वचेचे दोन्ही रंग, करडे, पांढरा, सगळे मर्यादेत. काळा चौकोन असायला हवा त्यापेक्षा किंचित उजळ आला. पट्टी जुनी आहे, काळ्यावर हात लागून लागून चकाकी आली आहे. तसंच असणार. नोंद केली.

डॉक्टरबाईंना सांगितलं की फाइली उघडतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रंग बरोबर?"

"तपासले."

"मग झालं."

त्यांना कसं उघडलं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

बुधवार, २० मार्च

आज आईचा फोटो झाला.

ती प्रतीक्षालयात बसली होती, गडद निळा कुडता घालून. फ्लॅशने तिला स्टुलावर बसवलं. "काकू, श्वास रोखा. हसायचं नाही, मी पाठीचा घेतोय."

आई म्हणाली, "अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली रे. लोक नुसत्या आवाजावर फिदा होते. पाठीचे फोटो काढणारा पहिला तूच."

मी बाजूच्या खोलीत पडद्यासमोर होते. रुग्णाजवळ मी नसते, तशी पद्धतच आहे.

जोडी लावली. डावीकडे जुना, उजवीकडे आजचा. आकार किंचित वेगळा, पण तेवढा फरक बसण्याच्या ढबीमुळेही येतो. रंग आधीपेक्षा फिका. डाव्या कडेला जो गडद भाग होता तो आता तपकिरी दिसतो. तीळ गडद होत गेला तर काळजी, फिका दिसला तर नाही. डॉक्टरबाईंनी दुपारी जोडी पाहिली. बदल नाही, सहा महिन्यांनी.

बसमधून येताना आईने विचारलं, "फोटोत सगळं दिसतं का गं?"

"डोळ्याला दिसतं त्यापेक्षा जास्त."

"आपल्या डोळ्यापेक्षा?"

"हो. डोळा सवयीने बघतो. आकडा सवयीने बघत नाही."

तिने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाली, "बरं बाई. तू म्हणतेस तर बरंच असेल."

मला वाटलं होतं तिला जास्त आनंद होईल.

रविवार, ७ एप्रिल

विशेष काही नाही. आईने घरातली पांढरी चादर काढून तपकिरी घातली. "पांढरी फार मळते," म्हणाली. तिचे कपडे ती हल्ली मशीनमध्ये टाकत नाही, हाताने धुते. मी म्हटलं, मशीन कशाला घेतलंय मग? तर म्हणाली, "हाताला सवय राहू दे. बसून बसून गंज चढेल."

औषधाच्या दुकानातून तिने चिकटपट्ट्यांची डबी आणायला सांगितली. नवी चप्पल टाचेला लागते म्हणे. मोठ्या आणल्या तर बऱ्या.

नव्या संगणकाच्या प्रस्तावावर खरेदी विभागाने शेरा मारला आहे, "सध्याच्या संगणकावर काम सुरळीत चालू असल्याचे दिसते. निकड स्पष्ट करावी." माझा उपाय मलाच नडला. आता निकड कुठून आणू?

मंगळवार, २३ एप्रिल

आज फ्लॅश झाकण काढायला विसरला.

रुग्ण बसला, हा लेन्सच्या काचेवर झाकण तसंच ठेवून बटण दाबून मोकळा. लगेच लक्षात आलं, झाकण काढलं, पुढचे फोटो नीट घेतले. मग माझ्या खोलीत येऊन कुजबुजला, "इंजिनीअर, पहिली फाइल काळी आहे. ती उडवून टाक. इतकी वर्षं लग्नं केली लोकांची, एकदाही असं झालं नाही. कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही राहायची."

"दादा, उडवते."

फाइल उघडली. ती काळी नव्हती.

झाकण लावलेलं होतं. प्रकाशाचा एक कणही आत गेलेला नाही. पडद्यावर संपूर्ण काळोख यायला हवा. तिथे मळकट, जांभळट करडा रंग होता. सगळीकडे सारखा. काचेवर कुणीतरी फुंकर मारावी तसा.

मी आधी पडद्याची चमक तपासली. मग शेजारच्या पडद्यावर पाहिलं. मग आकडे पाहिले.

कॅमेऱ्याचा काळा शून्यापासून सुरू होत नाही. प्रत्येक कॅमेरा एका ठरावीक आकड्याला काळा म्हणतो आणि सॉफ्टवेअर आधी तेवढा आकडा वजा करतं. जुन्या भावंडाचा तो आकडा लहान. नव्याचा मोठा. मी नाव जुन्याचं लिहिलं, म्हणून सॉफ्टवेअरने वजाबाकी जुन्याची केली. उरलेलं प्रत्येक फोटोवर पसरलं. उजळ रंगांवर ते जाणवतही नाही. जिथे काळं आहे तिथेच जाणवतं. काळ्याचा तपकिरी होतो.

आम्ही इथे काळ्याचेच फोटो काढतो.

फाइल उडवली नाही.

बुधवार, २४ एप्रिल

काम केलं. नवे फोटो उघडण्याआधी वजाबाकीचा आकडा हाताने दुरुस्त करता येतो का ते पाहिलं. हे सॉफ्टवेअर ती मुभा देत नाही.

७ मार्चपासूनच्या सगळ्या जोड्यांची यादी काढली. यादी लांब आहे. त्यातल्या ज्यांना "बदल नाही" गेलं त्यांची वेगळी काढली. तीही लांब आहे. नावं वाचली नाहीत, फक्त क्रमांक.

८ मार्चचा तो काळा चौकोन. मी लिहून ठेवलं होतं की चकाकी असेल. मी तो पुसून पुन्हा मोजायला हवा होता. एका ओल्या कापडाचं काम होतं.

डॉक्टरबाईंना सांगायचं आहे. आधी फरक किती पडतो ते नेमकं कळायला हवं, नाही तर त्या विचारतील तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालते. त्यात नव्या कॅमेऱ्याची फाइल खऱ्या नावाने उघडेल. रुग्णांच्या फाइली बाहेर न्यायला बंदी आहे. आईची नेता येईल, आईला विचारून.

आज नेली नाही. संध्याकाळी घाई झाली.

गुरुवार, २५ एप्रिल

आज नवे रुग्ण डॉक्टरबाईंकडे थेट पाठवले. कारण विचारलं तेव्हा कॅमेऱ्यात बिघाड आहे म्हणाले. त्या चिडल्या. "नवा कोरा कॅमेरा आणि बिघाड? माझ्या दाराशी रांग बघ, जत्रा भरली आहे."

फाइल आजही नेली नाही. पेन ड्राइव्ह घरी राहिला.

आईने विचारलं, "जेवत का नाहीस?"

"पोट ठीक नाही."

"तुझं पोट लहानपणापासून परीक्षेच्या आदल्या दिवशीच बिघडतं. कसली परीक्षा आहे?"

मी म्हटलं, कसली नाही.

शनिवार, २७ एप्रिल

फाइल आणली. आईची परवानगी घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "माझी पाठ काय, तुझीच आहे. ने."

खऱ्या नावाने उघडली.

डाव्या कडेचा भाग तपकिरी नाही. काळा आहे. निळसर काळा. तो कडेच्या बाहेर गेला आहे, एका जागी पाय फुटल्यासारखा. मध्यभागी एक लहान खडबडीत जागा आहे, खोट्या नावाच्या फोटोत ती सपाट दिसत होती.

लॅपटॉप बंद केला. पुन्हा उघडला.

विचार करून पाहिला. जुना फोटो जुन्या कॅमेऱ्याचा, हा नव्या कॅमेऱ्याचा, आणि पडदाही वेगळा. तुलनेची अट पूर्ण होत नाही. अट पूर्ण होत नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही. सोमवारी दोन्ही फाइली एकाच यंत्रावर उघडायची सोय करावी लागेल. रंगपट्टीही परत घ्यावी, या वेळी पुसून. आधी ते, मग बाकीचं. हेच बरोबर आहे.

आई बाहेरच्या खोलीत पालथी झोपून पुस्तक वाचते आहे. ती आधी उताणी झोपायची. केव्हापासून बदललं ते आठवत नाही.

रविवार, २८ एप्रिल

सकाळी गॅलरीत ऊन होतं. आई कपडे वाळत घालत होती. तिने हात वर केला तेव्हा गाऊनच्या पाठीवर एक ठिपका दिसला, नाण्यापेक्षा लहान. गाऊन गडद निळा असल्यामुळे त्याला रंग नव्हता, फक्त ओल होती.

मी बराच वेळ दारात उभी होते. तिच्यात आणि माझ्यात एक टेबल होतं एवढंच. काल रात्री मी तिच्या तिळावर इतका विचार केला, आणि ती शेजारच्या खोलीत होती.

"आई, इथे उजेडात बस. पाठ दाखव."

"फोटो काढलास ना?"

"फोटो चुकला."

तिने हातातला टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला, दुसरा लावला. मग म्हणाली, "चुकला म्हणजे?"

"माझ्याकडून चुकला. बस."

ती खुर्चीवर उलटी बसली. गाऊनची बटणं तिने स्वतः सोडली. पाठीवर चिकटपट्टी होती, मीच आणलेल्यांपैकी. तिथे तिचा हात नीट पोचत नाही, त्यामुळे ती तिरकी लागली होती आणि एक कड सुटली होती. मी ती काढली.

वर्णन लिहीत नाही. कालच्या फाइलीत होतं तेच होतं, आणि त्याहून पुढचं.

"रक्त केव्हापासून येतंय?"

"थोडंसंच येतं गं. खाज आली की."

"केव्हापासून?"

"तुझ्याकडे फोटोला आले त्याच्या आधीपासून."

"आई!"

"ओरडू नकोस. मी येणारच होते सांगायला. म्हणून तर त्या दिवशी विचारलं, सगळं दिसतं का म्हणून. तू म्हणालीस, डोळ्यापेक्षा जास्त दिसतं. मग तुमच्या मोठ्या बाईंचाही निरोप आला, काही नाही म्हणून. मला वाटलं, आपणच खाजवून खाजवून जखम केली. एवढी शिकलेली पोर म्हणते आहे, आणि मी आरशात मान वाकडी करून बघितलेलं खरं धरू?"

ती मागे वळून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मी तिला पुढे बघायला सांगितलं.

"वाईट आहे का?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही."

असं उत्तर मी तिला आयुष्यात पहिल्यांदा दिलं असेन. ती घाबरली. तिचे खांदे माझ्या हाताखाली आक्रसले. मी पण घाबरले आहे. 

सोमवार, २९ एप्रिल

डॉक्टरबाई यायच्या आधी आईला घेऊन त्यांच्या दाराशी बसले. आधी आईला दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, भिंग लावलं, आणि आजच काढायचं म्हणून सांगितलं.

आईला आत नेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. नाव बदललं ते, काळा आकडा, काळा चौकोन, झाकण. पंचवीस तारखेला बिघाड म्हणाले ते खोटं होतं, तेही. त्यांनी एकदाच मध्ये थांबवलं.

"तुला मंगळवारी कळलं. आज सोमवार आहे."

"हो."

"मधले दिवस काय करत होतीस?"

"खात्री करत होते."

"कशाची?"

त्या म्हणाल्या, "आग लागली की पाणी आणतात. कुणी तापमान मोजत बसत नाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "मीही विचारलं नाही, फाइली कशा उघडल्यास ते. चालतंय ना, मग झालं. ते माझं. यादी दे."

यादी तयार होती. आजपासून सगळ्यांना परत बोलवायचं. त्या प्रत्येकाला स्वतः तपासणार. फोन मी करायचे. माझ्यावर पुढे काय कारवाई करायची ते वरचे लोक ठरवतील. मी विचारलं नाही.

फ्लॅशला कळलं. तो खोलीत आला, झाकण हातात फिरवत उभा राहिला. "काकू बऱ्या होतील," म्हणाला. मग, "इंजिनीअर, निम्मे फोन मला दे. माझा आवाज लग्नघरातला आहे, लोक घाबरत नाहीत."

शुक्रवार, ३ मे

फोन चालू आहेत. "तपासणी पुन्हा करायची आहे, आमच्या यंत्रातल्या चुकीमुळे." यंत्रातल्या म्हणायचं असं वरून सांगितलं आहे. तिसऱ्या फोननंतर मी नुसतं "आमच्या चुकीमुळे" म्हणायला लागले. एक बाई हसल्या, मला म्हणाल्या, "अगं, मी निर्धास्त होऊन गावाला आले आहे." एका गृहस्थांनी शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. त्या पूर्ण झाल्यावर वेळ दिली.

परत तपासलेल्यांत आतापर्यंत दोघांना पुढे पाठवलं आहे. बाकीचे ठीक. दोघं म्हणजे दोन घरं.

आई घरी आहे. टाके दुखतात. मला ड्रेसिंग करायला देते आणि करताना रेडिओ लावते, मोठ्याने.

शुक्रवार, १० मे

अहवाल आला. तीळ वाईट प्रकारचाच आहे. खोली एक मिलिमीटरच्या थोडी वर. डॉक्टरबाईंनी कागदावर त्वचेचे थर काढून दाखवले. कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलं ते पूर्ण निघालं. पण इतकी खोली असेल तर हे आधी जिथे पोचतं ती काखेतली लसीकेची पहिली गाठ काढून बघावी लागते. तिथपर्यंत पोचलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर वेगळी.

आईने विचारलं, "पोचलं असेल तर?"

"तर उपचार आहेत. आधी बघू या."

आई बाहेर गेल्यावर मी विचारलं, "वीस मार्चला काढलं असतं तर खोली कमी असती का?"

"कदाचित."

"किती?"

"हा आकडा कुणाकडेच नाही. शोधत बसू नकोस."

घरी येऊन मी शोधत बसले. वाढीचा दर, आठवडे, मर्यादा. एकाही लेखात आईचं उत्तर नव्हतं. तीन कप चहा गार झाले. शेवटी आईने येऊन लॅपटॉपचं झाकण मिटलं. माझी बोटं आत होती.

"त्यात मी नाहीये," ती म्हणाली. "मी इथे उभी आहे. डोक्याला तेल लावून दे, माझा हात वर जात नाही."

लावून दिलं. केस पातळ झाले आहेत. हे मी फोटोत पाहिलं नसतं, कारण फोटो पाठीचा होता.

बुधवार, १५ मे

गाठ काढली. छोटी शस्त्रक्रिया. शुद्धीवर येताना आई म्हणाली, "नंबर सांगा, जोडून देते." नर्स हसली. मला हसता आलं नाही. माझी पाठ दिवसभर खाजते आहे. मला तिथे तीळ नाही. आरशात दोनदा पाहिलं.

नवा संगणक मंजूर झाला. निकड स्पष्ट झाली.

शुक्रवार, १७ मे

रात्रभर जाग. आई शांत झोपते, किंवा झोपल्याचं दाखवते. आता मला तिच्या दाखवण्यावर विश्वास नाही आणि माझ्या बघण्यावरही नाही. सकाळी ती उठून चहा करते तेव्हा मी चेहऱ्याचा रंग बघते. उजेड कुठल्या बाजूने आहे, भिंतीचा पिवळा किती मिसळतो आहे, हे मनातून वजा करते. तरी काही हाती लागत नाही.

आज ती म्हणाली, "अशी काय बघतेस? माझ्यावर काही सांडलंय का?"

बुधवार, २२ मे

अहवाल आज सकाळी रुग्णालयाच्या संगणकात आला. माझ्या पडद्यावर आईचं नाव होतं, शेजारी हिरवी खूण, म्हणजे वाचायला तयार. मला तो उघडण्याचा अधिकार आहे. कर्सर नावावर नेला. मग उठून फ्लॅशला सांगितलं, "दादा, मी बाहेर जाते. कुणी विचारलं तर..."

"जा. इथे मी आहे."

आईला फोन करून बोलावलं. ती येईपर्यंत प्रतीक्षालयात बसले, रुग्णांच्या बाकावर. तो फार अरुंद आहे, हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी एकदमच आत गेलो.

डॉक्टरबाईंनी कागद आमच्यासमोर ठेवला आणि वाचायची वाट न बघता म्हणाल्या, "गाठ स्वच्छ आहे. पोचलेलं नाही. दर तीन महिन्यांनी यायचं, माझ्याकडे, फोटोसाठी नाही. पण गाठ स्वच्छ आहे."

आईने डोळे मिटले.

मी विचारलं, "कशावर पाहिलं?"

"सूक्ष्मदर्शकाखाली."

"किती जणांनी?"

"दोघांनी. वेगवेगळे."

"रंगद्रव्य वापरलं ते..."

"अगं," आई म्हणाली. माझ्या मनगटावर तिचा हात होता. "बाईंना हो म्हण."

मी हो म्हणाले. धन्यवाद म्हणाले. कागद नीट घडी घालून घेतला, खुर्ची आत सरकवली, आईच्या मागून बाहेर आले. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून जिन्याने निघालो. चौथ्या-पाचव्या पायरीवर मी कठडा धरून खाली बसले. छातीतून काहीतरी आवाज येत होता, तो माझाच होता. खालून एक माणूस वर येत होता, त्याने बघितलं आणि कडेने निघून गेला. मी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

आई दोन पायऱ्या खाली गेली होती. ती परत वर आली, एका हाताने कठडा धरून हळूहळू शेजारी बसली. काखेत टाके असल्यामुळे तिला तो हात माझ्याभोवती घालता येईना. मग ती दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

"बस," म्हणाली. "आज कुठे जायचंय?"